गच्चीवरचा कोळसा

कोळसा दोन प्रकारचा असतो, दगडी आणि लाकडी. दगडी कोळसा खाणीतून निघतो, तयार व्हायला कोट्यवधी वर्षे घेतो आणि इंजिने, गिरण्या व वीजकेंद्रे यांच्या पोटात जातो. मुंबईच्या उपनगरांचा त्याच्याशी जुना संबंध आहे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी घाटकोपर-मुलुंडच्या शिवारातून धूर सोडत गेली. पश्चिमेला कुलाबा ते बोरीवली विजेची गाडी ५ जानेवारी १९२८ रोजी धावू लागली. तोवर खिडकीजवळची जागा मिळणे आणि डोळ्यात कण जाणे ही एकच घटना होती. या कोळशाच्या धुरात गंधक आणि डांबर असते. त्यावर भाजलेले पनीर खाण्याच्या लायकीचे राहत नाही, फार तर रुळांच्या देखभालीला उपयोगी पडेल. म्हणून गच्चीवरच्या भाजण्यापुरता तो बाद.

लाकडी कोळसा म्हणजे जळता जळता थांबवलेले लाकूड. लाकडाला पुरेशी हवा न देता चारशे-पाचशे अंश सेल्सियसपर्यंत तापवले, की त्यातले पाणी, आम्ले, डांबरी तेले आणि वायू निघून जातात आणि मागे मुख्यतः कार्बन उरतो. गावठी भट्टीत चार-पाच किलो लाकूड घालावे तेव्हा किलोभर कोळसा हाती येतो. पण तो किलो लाकडाच्या किलोपेक्षा जवळजवळ दुप्पट उष्णता देतो, आणि धूर फारसा करत नाही. धूर करत नाही याचा अर्थ एवढाच, की तो धूर आधी दुसऱ्या कुणीतरी, दुसरीकडे कुठेतरी खाल्लेला असतो.

मुंबईपुरते बोलायचे तर ते 'दुसरीकडे' म्हणजे पुष्कळ वर्षे ठाणे आणि रायगडची राने, आणि 'कुणीतरी' म्हणजे बहुतेक करून कातकरी. खैरापासून कात काढणे हा त्यांचा मूळ धंदा. नाव त्यावरूनच पडले. जंगलावर सरकारी निर्बंध आले, कात सुटला आणि ठेकेदाराची कोळशाची भट्टी वाट्याला आली. उचल घ्यायची आणि पाऊस सरला की बिऱ्हाड पाठीशी मारून भट्टीवर जायचे. लाकडे रचायची, वर गवत आणि पाला पसरायचा, त्यावर माती लिंपायची, हवेला मोजकी भोके ठेवायची, पेटवायचे आणि काही दिवस राखत बसायचे. मातीला तडा जाऊन हवा आत शिरली तर सगळ्या कोळशाची राख होते, म्हणून रात्रीही कुणीतरी जागे असावे लागते. या लोकांना कोळशाबद्दल जे ठाऊक असते ते कुठल्याही पिशवीवर छापलेले नसते. त्यांना मिळणारी मजुरीही छापण्यासारखी नसे.

पुढे स्वयंपाकघरात गॅस आला. बर्मा शेलचा 'बर्शेन' १९५५ च्या सुमारास मुंबईत मिळू लागला, आणि त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांत शेगडी ओट्याखाली, ओट्याखालून माळ्यावर आणि माळ्यावरून भंगारात अशी टप्प्याटप्प्याने गेली. कोळशाच्या वखारींचे गाळे झाले आणि गाळ्यांत मोबाइलची कव्हरे आली. तरी एखादी वखार स्टेशनामागच्या गल्लीत टिकून असते. तिच्या जिवावर कोळशाची इस्त्री फिरवणारे, पावसाळ्यात कणसे भाजणारे आणि तंदूर लावणारी हॉटेले चालतात. तिथल्या पोत्यातला कोळसा आता बहुधा आंब्या-जांभळाचा किंवा खैराचा नसतो. तो पुष्कळदा कच्छकडच्या एका काटेरी झाडाचा असतो. अमेरिका खंडातून आलेल्या या झाडाला गुजरातीत 'गांडो बावळ' आणि मराठीत 'वेडी बाभूळ' म्हणतात. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात मुंबईसकट अनेक गोष्टींवर मतभेद झाले, पण हे झाड वेडे आहे याबद्दल दोघांचे एकमत आहे. त्याचा कोळसा मात्र शहाणा: जड, कडक आणि बराच वेळ टिकणारा.

कोळसा निवडण्याआधी तो कुठे पेटवायचा हे ठरवावे लागते, आणि इथे विषय थोडा अडतो. परदेशी पुस्तकांत हा कोळशावर भाजण्याचा प्रकार परसात चालतो. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा: विहीर, अळवाचा वाफा, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली केळ आणि शेवग्याखाली झोपलेले मांजर. अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर या चारही ठिकाणी इमारतीच्या मागे पाण्याचा पंप, गटाराचे झाकण आणि प्लॅस्टिकच्या कापडाखाली कित्येक वर्षे झाकून ठेवलेली एक मोटार असते. मांजर असते. त्यामुळे परसाचे काम गच्ची करते. गच्चीला कुलूप असते. किल्ली सेक्रेटरीकडे असते असे वॉचमन सांगतो आणि वॉचमनकडे असते असे सेक्रेटरी सांगतो. दोघेही खरे बोलत असतात, पण एकाच वेळी नाही. कोळसा, शेगडी आणि किल्ली या तीन साहित्यांपैकी किल्ली आधी मिळवावी. बाकीची दोन पैशाने मिळतात.

वखारीत कोळसा हाताने निवडता येतो. चांगला तुकडा वजनाच्या मानाने कडक असतो, मोडला तर आत चकाकतो आणि एकावर एक आपटला तर खणखणतो. भद् असा आवाज आला तर तो ओला किंवा ठिसूळ आहे. तुकड्याला तपकिरी झाक असेल, लाकडाच्या रेषा ताज्या दिसत असतील आणि वजन नको तितके भरत असेल, तर तो कच्चा आहे. राहिलेले जळण तो गच्चीवर पुरे करील आणि धूर वरच्या मजल्यावरच्या घरात पाठवील. आकार लिंबापासून मुठीपर्यंत चालतो. पोत्याच्या तळाशी चुरा असतो. चुरा दोन तुकड्यांमधल्या फटी बुजवतो, हवा अडवतो आणि पेटलेला विस्तव गुदमरवतो. दुकानदार पोते ओतताना तोंडाजवळचा माल दाखवतो आणि तळाजवळचा मोजतो, म्हणून नजर फावड्यावर ठेवावी. साधारण हिशेब असा, की किलोभर कोंबडीला किलो-सव्वा किलो कोळसा लागतो. पाहुणे उपनगरातलेच असतील तर पाव किलो जास्त घ्यावा. लोकल चुकली हे कारण कोळशाला पटत नाही. तो वेळेवर पेटतो आणि वेळेवर विझतो.

दुसरा पर्याय म्हणजे पिशवीत मिळणाऱ्या कोळशाच्या वड्या. भुकटीत पिठाची खळ कालवून त्या साच्यात दाबलेल्या असतात. सगळ्या एका मापाच्या, सारख्या जळणाऱ्या आणि आकाराने लहान उशीसारख्या. हा शोध अमेरिकेचा मानला जातो. तिथे १८९७ मध्ये अशा वडीचे पेटंट निघाले, पण ती घरोघर पोहोचवली हेन्री फोर्डने. त्याच्या मोटारींना लाकूड लागे, लाकडाच्या कारखान्यात तुकडे आणि भुसा उरे, आणि उरलेले फेकून देणे त्याच्या स्वभावात नव्हते. मिशिगनमध्ये १९२० च्या दशकात त्याने त्या भुशाचा कोळसा केला, कोळशाच्या वड्या केल्या आणि त्या स्वतःच्या मोटारींच्या दुकानांतून विकल्या. ज्या नातलगाने जंगलाची जमीन मिळवून दिली त्या किंग्जफर्डचे नाव पुढे त्या कोळशाला लागले. गिरणगावापासून घाटकोपरपर्यंतच्या चाळींतल्या बायका पोत्याच्या तळाचा तोच चुरा माती आणि शेणात कालवून गोळे वळत होत्या आणि वऱ्हांड्याच्या कठड्यावर वाळत घालत होत्या. तत्त्व तेच: भुकटी, चिकटवणारे काहीतरी आणि ऊन. फरक इतकाच, की त्यांनी गोळ्यांबरोबर मोटार विकली नाही.

वडी सावकाश पेटते, बराच वेळ सारखी धग देते आणि राख फार करते. तुकड्याचा कोळसा लवकर पेटतो, जास्त तापतो, ठिणग्या उडवतो आणि मनात येईल तेव्हा विझतो. जेवण नक्की किती वाजता हे ठाऊक असलेल्यांनी वडी घ्यावी. उपनगरात तशी कुटुंबे थोडी असल्याने तुकड्याचा कोळसाच बरा. याशिवाय नारळाच्या करवंटीचा कोळसा असतो. तो कडक, स्वच्छ आणि हुक्केवाल्यांचा लाडका. जपानात वाकायामा भागात उबामे नावाच्या ओकपासून 'बिंचोतान' हा पांढरा कोळसा करतात. तो वाजवला तर धातूसारखा वाजतो, तासन्‌तास धगधगतो आणि पेटायला इतका वेळ लावतो, की भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी त्याच्या नादी लागू नये. तो पेटेपर्यंत अकरा महिन्यांचा करार संपायचा.

कोळसा सच्छिद्र असतो आणि हवेतली ओल शोषतो. जूनमध्ये उघडे ठेवलेले पोते ऑगस्टपर्यंत स्पंज होते. पेटवले तर तडतडून तुकडे उडवते. म्हणून कोळसा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा. डब्याला नाव घालावे, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी तो चकलीच्या भाजणीसाठी रिकामा करते.

शेगडीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. १९५२ साली शिकागोत जॉर्ज स्टीफन या गृहस्थाने पाण्यात तरंगणारे धातूचे बोये बनवणाऱ्या आपल्या कारखान्यात एक बोया मधोमध कापला; खालच्या अर्ध्यात कोळसा घातला, वरच्या अर्ध्याचे झाकण केले आणि गोल झाकणाची शेगडी जगाला मिळाली. उपनगरात याच पद्धतीने आडवा कापलेला ड्रम वापरतात, फक्त दुसरा अर्धा झाकण न होता शेजारच्या इमारतीत जातो. बीडाची शेगडी उत्तम, मातीची चालते, चार विटा आणि एक जाळीही चालते. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी किंवा बादली मात्र वापरू नये. ती लाल होईपर्यंत तापली की जस्ताची वाफ सुटते आणि ती श्वासात घेणाऱ्याला थंडीताप भरतो. शेगडीखाली विटांचा थर हवा. पावसाळ्यापूर्वी गच्चीवर घातलेला डांबराचा थर हा सोसायटीच्या वर्षभराच्या वादविवादाचे फलित असतो, आणि तो वितळल्यास पुढील वर्षभराचा विषय तयार होतो.

आता पेटवणे. या विषयाचा हा सर्वांत मोठा भाग आहे, कारण त्यात सर्वांत जास्त माणसे भाग घेतात. कोळसा पेटवायला एक माणूस पुरतो. प्रत्यक्षात सात जमतात, आणि पेटवणारा त्या सातांपैकी कोण हे शेवटपर्यंत ठरत नाही. रॉकेल, पेट्रोल, थिनर आणि सॅनिटायझर यांपैकी काहीही ओतू नये. भडका उडतो, भुवया जातात आणि राहिलेल्या कोंबडीला गॅरेजचा वास येतो. मराठी घरात यापेक्षा बरे साहित्य देव्हाऱ्यातच असते. कापराच्या दोन-तीन वड्या, तुपात भिजलेल्या वाती आणि नारळाची सोललेली शेंडी. कापूर पुरता जळून जाऊ द्यावा आणि मगच जाळी ठेवावी, नाहीतर पहिल्या टिक्क्याबरोबर आरतीची आठवण होते.

शेंडी पेटली, वरचे दोन कोळसे कडेने लाल झाले, की वारा घालण्याचा प्रश्न येतो. जुन्या घरांत त्यासाठी फुंकणी असे. लोखंडी नळी, एक टोक चुलीत आणि दुसरे टोक आजीच्या तोंडात. फुंकणी गेली, आता हातपंखा, सूप, पिझ्झ्याच्या खोक्याचे झाकण आणि जाड लग्नपत्रिका ही साधने चालतात. पत्रिका जितकी श्रीमंत तितका वारा बरा. यात एका घराने तिसऱ्या मजल्यावरून तारेला तार जोडून केस वाळवायचे यंत्रही आणलेले असते. त्याने कोळसा खरोखर लवकर पेटतो आणि राख खरोखर दहीभातात जाते. वारा घालणाऱ्याला बसायची परवानगी नसते.

"भाऊजी, जरा जोरात घाला ना."

"घालतोय की, वहिनी."

"तो नुसता हलवतोय. आत हवा जायला पाहिजे."

"मग हा घ्या पंखा."

या संवादाचे वैशिष्ट्य असे, की पंखा कोणी घेत नाही.

वास्तविक वारा घालण्याची गरजच नसते. तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा घ्यावा, वरचे-खालचे दोन्ही पत्रे कापावेत, तळापासून चार बोटांवर सळ्यांची आडवी चौकट बसवावी आणि त्याखाली सगळीकडून भोके पाडावीत. एकदा रिकामा तापवून वरचा रंग जाळून टाकावा. मग खाली चुरगळलेले वर्तमानपत्र, वर कोळसा आणि एक काडी. गरम हवा वर जाते, खालून गार हवा ओढून घेते आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळा कोळसा आपोआप पेटतो. परदेशात याच नळकांड्याला चिमणी म्हणून पैसे घेतात. या उपकरणात एकच दोष आहे. त्याने सहा माणसे बेकार होतात, आणि बेकार झालेली माणसे मसाल्याकडे लक्ष देऊ लागतात.

यापेक्षा जवळचा मार्ग भुट्टेवाल्याचा. जून-जुलैत आरेच्या रस्त्यावर, पवईच्या तलावाकाठी आणि जुहूच्या वाळूत तो टोपलीएवढ्या विस्तवावर कणसे फिरवत असतो. एका हाताने कणीस, दुसऱ्याने भात्याचा दांडा, आणि तिखट-मीठ लावलेले लिंबू कुठल्या हाताने फिरवतो ते कळत नाही. त्याला कोळसा पेटण्याची वाट पाहावी लागत नाही, कारण त्याचा सकाळचा विस्तव विझलेलाच नसतो. नवा तुकडा तो जुन्याच्या कुशीत सरकवतो. पूर्वी चाळीत आणि खेड्यात विस्तव शेजारून मागून आणत, खापरावर किंवा पळीत. आज भुट्टेवाल्याकडून डब्यात दोन निखारे आणणे अशक्य नाही, फक्त रिक्षावाला तयार होत नाही.

कोळसा तयार झाला हे ओळखण्यात बहुतेकांची चूक होते. ज्वाळा दिसल्या की लोक टाळ्या वाजवून जाळी ठेवतात. ज्वाळा म्हणजे अजून काही शिजवण्याजोगे नाही अशी सूचना आहे. मराठीला या पायऱ्यांची उत्तम जाण आहे. जाळ वेगळा, ठिणगी वेगळी. निखारा आणि इंगळ हे शब्द जळत्या तुकड्याचे, विस्तव त्यांच्या समूहाचा. धग अंगाला लागणारी, झळ अंगाला नको असताना लागणारी. फुफाटा म्हणजे वरून निजलेली आणि आतून जागी असलेली राख. आगीतून फुफाट्यात पडण्याची म्हण ज्याने केली तो नक्की अनवाणी होता. भाजणाऱ्याला हवा असतो तो निखारा, त्यावर राखेचा पातळ पांढरा पापुद्रा आलेला, अंधारात आतून लाल दिसणारा. याला वीस ते तीस मिनिटे लागतात. कोळसा उगाळावा तितका काळाच, ही म्हण उगाळणाऱ्यांनी केली आहे; पेटवणाऱ्यांना विचारले असते तर त्यांनी सांगितले असते, की अर्धा तास थांबा, पांढरा होतो.

हा अर्धा तासच उपनगरात कठीण जातो. इथला माणूस ८.१२ ची फास्ट आणि ८.१६ ची स्लो यांतल्या चार मिनिटांसाठी पूल धावत उतरतो. दादरला कुठल्या डब्यातून उतरले म्हणजे जिना समोर येईल हे त्याला पाठ असते. त्याला तीस मिनिटे एका जागी बसून तांबड्याचे पांढरे होताना बघायला लावणे ही शिक्षा आहे. म्हणून तो चिमट्याने कोळसे उलटेपालटे करतो. उलटले की राख झडते, हवा लागते, पुन्हा ज्वाळा येते आणि वाट पाहणे नव्याने सुरू होते. सराईत यजमान या वेळेसाठी कांदे कापून घेण्याचे काम शिल्लक ठेवतात.

तयार निखारे सगळ्या शेगडीभर पसरू नयेत. दोन तृतीयांश भागात दाट आणि उरलेला भाग रिकामा ठेवावा: दाट भागावर रंग आणायचा, रिकाम्या भागावर आतपर्यंत शिजू द्यायचे. आच मोजायला तळहात पुरतो. जाळीवर चार-पाच इंच उंच धरावा. दोन-तीन सेकंदांत ओढून घ्यावा लागला तर आच कडक, चार-पाच सेकंद टिकला तर मध्यम, सात-आठ टिकला तर मंद. पोळपाट-लाटण्यात आयुष्य गेलेली आत्या हात दहा सेकंद ठेवून "अजून कुठे तापलंय?" म्हणते, तिचे माप धरू नये. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात. मसाल्यातले जास्तीचे तेल निथळून घ्यावे. तेल निखाऱ्यावर पडले की भडका उडतो. अशा वेळी पाणी शिंपडू नये, राख उडते. तुकडा रिकाम्या भागावर सरकवावा आणि काहीच घडले नाही असे दाखवावे.

कोळशाची चव हा गच्चीवरच्या चर्चेचा हक्काचा विषय. एक जण बाभळीच्या कोळशाचा सुगंध सांगतो, दुसरा आंब्याच्या. खरे पाहता पुरत्या पेटलेल्या चांगल्या कोळशाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. तो जायचा तेव्हा भट्टीतच गेलेला असतो. जी चव कोळशाची म्हणून वाखाणली जाते ती निथळलेली चरबी, तूप आणि मसाला निखाऱ्यावर जळून वर येणाऱ्या धुराची असते, आणि कडक आचेने वरची कड खरपूस होते तिची. हे घरातल्या बायकांना आधीच ठाऊक होते. वाटीत एक निखारा, त्यावर चमचाभर तूप, वर झाकण, आणि डाळीला धुंगार. कोळसा नुसता गरम असण्याचे काम करतो. नाव त्याचे होते. अशी माणसे कचेरीतही असतात.

काय भाजायचे ते उपनगरावर अवलंबून आहे. अंधेरीच्या पश्चिम टोकाला वेसाव्याच्या कोळीवाड्यात सुका बोंबील निखाऱ्यावर टाकून, काळपट झाला की झटकून भाकरीबरोबर खातात. ही या भागातली सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी साहित्याची पाककृती असावी. तोच बोंबील दोन किलोमीटरवरच्या उंच इमारतीच्या गच्चीवर भाजला तर तातडीची सभा भरते. मुलुंड आणि घाटकोपरला गच्चीवर दोन शेगड्या लागतात, एक शाकाहारी आणि एक दुसरी. दोन चिमटे लागतात. चिमट्यांना वेगळ्या रंगाचे दोरे बांधतात, आणि साडेनऊच्या सुमारास दोन्ही दोरे राखेने एकाच रंगाचे होतात. जैन पाहुणे असतील तर बटाटा, रताळे आणि कांदा तिन्ही बाद. पनीर, ढोबळी मिरची, अननस आणि कणीस यांवर रात्र निभावते आणि चांगली निभावते. पलीकडे रायगडात थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, मडके उपडे आणि भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ. त्यात कोळसा लागत नाही, जाळी लागत नाही आणि सल्लाही लागत नाही. म्हणून उपनगरातली माणसे तिकडे गेली की अस्वस्थ होतात.

एक भाग विनोदाचा नाही. उपनगरात बाल्कनी आत घेण्याची रीत आहे. कठड्यावर काचा सरकवल्या, की बाल्कनीची खोली होते. अशा जागेत, बंद खोलीत किंवा पाऊस आला म्हणून जिन्याच्या वरच्या चौकात शेगडी आणू नये. धुमसता कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी आणण्याचा सभ्यपणाही नाही. डोके दुखते, झोप येते आणि माणूस उठत नाही. बाळंतिणीच्या शेक-शेगडीच्या वेळी जुन्या बायका दार फटभर उघडे ठेवायला सांगत, त्यामागचे कारण हेच. पाऊस आला तर शेगडी भिजू द्यावी.

कायद्याचेही थोडे. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या व तंदूर-भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य हरित इंधनाकडे वळण्यास सांगितले. वर्षातून एकदा पेटणारी गच्चीवरची शेगडी या हुकुमाच्या नजरेत नव्हती, पण सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर तो हुकूम शनिवारी संध्याकाळी सातला अचूक येतो. बोरीवली आणि मुलुंड यांच्या मधोमध शंभरावर चौरस किलोमीटर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. सहलीला जाऊन तिथे शेगडी मांडण्याचा विचार दरवर्षी कुणाला तरी सुचतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे तिथे आग लावणे गुन्हा आहे. शिवाय तिथे बिबटे आहेत, आणि त्यांना मांस भाजलेले लागत नाही.

कोळशाची उत्तम अवस्था सगळ्यांचे जेवण झाल्यावर येते. धग एकसारखी, राख मऊ, ज्वाळेचे नाव नाही. वीस जणांनी तीन तास जिची वाट पाहिली ती आच तेव्हा तयार असते आणि शेगडीजवळ कुणी नसते. जाणती गृहिणी या वेळेसाठी दोन मोठी वांगी तेलाचा हात लावून बाजूला ठेवते. निखाऱ्यांत खुपसलेली वांगी अर्ध्या तासात लोळागोळा होतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या भरिताला आदल्या रात्रीच्या कशालाही न आलेली चव येते.

विझवताना पाणी ओतू नये. वाफेने हात भाजतो, बीडाला तडा जातो आणि गच्चीवर काळा चिखल होतो. झाकण लावावे, भोके बुजवावीत, हवा बंद झाली की कोळसा विझतो आणि उरलेले तुकडे पुढच्या वेळी निम्म्या वेळात पेटतात. राख वरून गार दिसली तरी आत दुसऱ्या दिवसापर्यंत विस्तव राहू शकतो, म्हणून ती प्लॅस्टिकच्या कचरापेटीत टाकू नये. रिकाम्या मातीच्या कुंडीत एक दिवस ठेवावी. ती ओला कचरा की सुका, यावर सफाईवाला आणि सेक्रेटरी यांचे वेगळे मत पडते. तांब्याची भांडी घासणारे घर इमारतीत असेल तर प्रश्न मिटतो. विटा कडेला रचाव्यात, डांबरावर फोड आलेला नाही हे बॅटरीच्या उजेडात पाहून घ्यावे आणि कुलूप लावावे. किल्ली वॉचमनला परत देताना झाकलेले एक ताट बरोबर द्यायची पद्धत आहे. ताट दोन दिवसांनी परत येते. पुढच्या वेळी किल्ली लवकर सापडते.